कूसा डॉगवुड : अंगणात लावताना आणि वाढवताना

मे महिना संपत आला की न्यू जर्सीतल्या अंगणांतला वसंताचा मोठा बहर ओसरलेला असतो. चेरी केव्हाच झडून गेलेली असते, मॅग्नोलियाच्या पाकळ्या गवतावर पडून काळवंडलेल्या असतात आणि बहुतेक झाडांवर हिरवी पाने तेवढी दिसतात. नेमक्या त्या दिवसांत एक लहानसे झाड, अंगभर पालवी फुटून झाल्यानंतर, आडव्या फांद्यांच्या वरच्या अंगाने पांढऱ्या चांदण्यांनी भरून जाते आणि पुढे चार-सहा आठवडे तसेच राहते. ते कूसा डॉगवुड.

ज्यांनी नुकतेच इकडे घर घेतले आहे, ज्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच मोकळे अंगण आले आहे आणि ज्यांनी आजवर कुंडीतल्या तुळशी-मोगऱ्यापलीकडे काही लावलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आमच्या मागच्या अंगणातले कूसाचे झाड आता घराच्या छतापर्यंत पोहोचले आहे. परंतु ते दुसरे झाड आहे. त्याच जागी लावलेले पहिले झाड तिसऱ्या उन्हाळ्यात वाळून गेले, आणि त्याचे कारण रोग, पाणी किंवा थंडी यांपैकी काहीही नव्हते. ते झाड चार बोटे जास्त खोल पुरले गेले होते. म्हणून या लेखात लावणीच्या खोलीवर मी इतर सर्व गोष्टींपेक्षा अधिक लिहिणार आहे.

झाड मूळचे कुठले

कूसा ही जपान, कोरिया आणि चीन येथील डोंगराळ जंगलांत वाढणारी जाती आहे. जपानमध्ये होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या बेटांवरील वनांत ती आढळते आणि तिथे तिला 'यामाबोशी' म्हणजे डोंगरावरचा भिक्षू असे म्हणतात. क्योतोजवळच्या हिएई पर्वतावरील मठांत राहणारे भिक्षू डोक्याला पांढरे वस्त्र गुंडाळीत. फुलांचा मधला गोल गुच्छ म्हणजे भिक्षूचे मुंडन केलेले डोके आणि भोवतीचे चार पांढरे भाग म्हणजे ते वस्त्र, अशी त्या नावामागची कल्पना आहे. कोरियन नावाचा अर्थ 'डोंगरी बेरीचे झाड' असा होतो, तर चिनी लोक त्याला 'सिझाओहुआ' म्हणजे चारही बाजू उजळणारे फूल म्हणतात. एका लोकांना भिक्षू दिसला, दुसऱ्यांना फळ आणि तिसऱ्यांना उजेड. झाड ओळखायला या तिन्ही खुणा उपयोगी पडतात.

इथे नवख्या माणसाचा एक गोंधळ हमखास होतो. अमेरिकेच्या पूर्व भागात डॉगवुडची एक स्थानिक जाती आहे, तिला 'फ्लॉवरिंग डॉगवुड' म्हणतात, आणि दोन्ही झाडे पहिल्या नजरेत सारखी वाटतात. तोक्योचे महापौर युकिओ ओझाकी यांनी १९१२ मध्ये वॉशिंग्टन शहराला चेरीची झाडे भेट दिली, तेव्हा त्याची परतफेड म्हणून १९१५ मध्ये अमेरिकेने जपानला डॉगवुड पाठवली, ती या अमेरिकन जातीची होती. तिला जपानमध्ये 'हानामिझुकी' म्हणतात आणि आज ती तिथल्या रस्त्यांच्या कडेने सर्रास दिसते. म्हणजे अमेरिकन झाड जपानी रस्त्यांवर गेले आणि जपानी झाड अमेरिकन अंगणांत आले. नर्सरीत गेल्यावर केवळ 'डॉगवुड' असे म्हटले तर दोहोंपैकी कोणतेही झाड हाती पडू शकते, म्हणून ओळख पक्की करूनच निघावे.

ओळख कशी पटवावी

ज्याला आपण फूल म्हणतो ते या झाडात फूल नसते. बोगनवेलीचे गुलाबी-जांभळे भाग पाकळ्या नसून रंगीत छदे, म्हणजे फुलाला आधार देणारी पाने असतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. कूसाचे चार पांढरे भागही तशीच छदे आहेत. खरी फुले मधोमध वाटाण्याएवढ्या गोल गुच्छात दाटीने बसलेली, अगदी बारीक आणि हिरवट-पिवळी असतात. ही छदे आधी लहान आणि हिरवी येतात, मग हळूहळू मोठी होतात आणि पांढरी पडतात. नवीन मालक हिरवी छदे पाहून यंदा फुले आलीच नाहीत असे समजतात. दोन आठवडे थांबले की तेच झाड पांढरे होते.

दोन्ही जातींतला फरक असा : कूसाच्या छदांची टोके अणकुचीदार असतात, तर अमेरिकन जातीच्या छदांना टोकाशी खाच असते. अमेरिकन झाड पाने येण्याच्या आधी किंवा पानांबरोबर, एप्रिलच्या अखेरीस आणि मेच्या सुरुवातीस फुलते. कूसा त्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी, पानांच्या वर फुलतो. शरद ऋतूत तर शंकेला जागाच राहत नाही, कारण अमेरिकन झाडाला लाल दाण्यांचे झुबके येतात आणि कूसाला लांब देठावर लोंबणारे, खडबडीत सालीचे, एखाद्या इंचाचे गुलाबी-लाल गोल फळ येते. वाढलेल्या झाडाच्या सालीवरूनही ओळख पटते. कूसाची साल पापुद्र्यांनी सुटते आणि खोडावर करडे, तपकिरी आणि बदामी रंगांचे ठिपके उमटतात, त्यामुळे पाने गळाल्यावरही ते झाड पाहत राहावेसे वाटते.

फुले-फळे नसताना झाड डॉगवुड कुळातले आहे का, हे पाहण्याची एक जुनी युक्ती आहे. एक पान घेऊन ते आडवे, सावकाश फाडावे. पानाच्या शिरा कडेला समांतर वळत टोकाकडे गेलेल्या दिसतील आणि दोन तुकडे वेगळे झाले तरी अतिशय बारीक पांढऱ्या तंतूंनी ते एकमेकांना धरून राहतील, खालचा तुकडा वरच्याला लोंबकळेल. कमळाचा देठ मोडल्यावर जसे तंतू निघतात, तसेच हे असतात. मुलांना हे दाखवावे. त्यांना ते झाड पुन्हा विसरता येत नाही.

कोणत्या हवामानात लावावे

हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेणारे हे झाड आहे आणि ती थंड विश्रांती त्याला हवीच असते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या, हिवाळ्यातल्या थंडीनुसार पाडलेल्या नकाशावरील ५ ते ८ या विभागांत ते चांगले वाढते, म्हणजे उणे २५ अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी ते सहज सोसते. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट, व्हर्जिनिया, तसेच इंग्लंडचा बराच भाग त्याला मानवतो. फ्लोरिडाच्या दक्षिण भागात किंवा फिनिक्ससारख्या वाळवंटी उष्णतेत ते लावू नये.

गावाकडच्या नातेवाइकांना फोटो पाठवला की हे रोप पुण्याला किंवा महाबळेश्वरला लावता येईल का, असा प्रश्न येतोच. तिथे ते लावू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडचा हिवाळा त्याच्या विश्रांतीला पुरेसा थंड नसतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात पाने करपतात. भारतात या कुळाचे झाड पाहायचे असेल तर ते हिमालयात आहे. उत्तराखंडच्या डोंगरांत 'भमोरा' नावाने ओळखले जाणारे झाड कूसाचे जवळचे भावंड आहे. ते सदाहरित असते, त्याची छदे फिकट पिवळी असतात आणि त्यालाही तसेच लाल, खाण्याजोगे फळ येते. कुमाऊँला उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी ते अवश्य पाहावे.

रोप निवडताना

साधा पांढरा कूसा घ्यावा की नाव दिलेला वाण घ्यावा, हा प्रश्न मुख्यतः आवडीचा आहे. 'मिल्की वे' भरभरून फुलतो आणि फळेही पुष्कळ धरतो. जपानमधून आलेला 'सातोमी' गुलाबी असतो, पण उष्ण उन्हाळ्याच्या प्रदेशात त्याचा गुलाबी रंग फिका पडतो, हे लक्षात ठेवूनच तो घ्यावा. 'वुल्फ आइज' या वाणाच्या पानांना पांढरी कड असते आणि तो सावकाश वाढतो, त्यामुळे लहान अंगणाला चांगला.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांना आणखी एक पर्याय अगदी घरचा आहे. रटगर्स विद्यापीठात एल्विन ऑर्टन यांनी अनेक दशके काम करून कूसा आणि अमेरिकन जाती यांचा संकर घडवला आणि त्यातून 'स्टेलर' मालिकेतील 'ऑरोरा', 'स्टेलर पिंक' यांसारखे वाण तयार झाले. हे वाण दोन्ही पालकांच्या मधल्या काळात फुलतात आणि अमेरिकन झाडांना सतावणाऱ्या रोगांना बऱ्यापैकी दाद देत नाहीत. पुढे त्याच विद्यापीठातून थॉमस मोलनार यांच्या कामातून गडद गुलाबी छदांचा 'स्कार्लेट फायर' हा कूसाचा वाण आला. संकरित स्टेलर वाणांना फळे जवळपास धरत नाहीत. ज्यांना फळेही हवी आहेत त्यांनी कूसाच घ्यावा.

झाड फार मोठे घेण्याचा मोह टाळावा. चार-पाच फूट उंचीचे रोप लवकर मूळ धरते आणि काही वर्षांत, मोठे म्हणून आणलेल्या पण मुळे तुटलेल्या झाडाला गाठते. नर्सरीत रोप कुंडीतून थोडे वर उचलून पाहावे. मुळे कुंडीच्या भिंतीला धरून गोल गोल फिरलेली असतील तर दुसरे रोप घ्यावे. खोडावर साल फाटलेली किंवा खरचटलेली नसावी.

जागा

सकाळचे ऊन आणि दुपारनंतर थोडी सावली, ही जागा सर्वांत चांगली. घराची पूर्वेकडची बाजू बहुधा अशीच असते. उत्तरेकडच्या थंड राज्यांत दिवसभराचे ऊनही चालते. दाट सावलीत झाड जगते, पण फुले विरळ येतात. पूर्ण वाढलेले झाड १५ ते २५ फूट उंच आणि जवळपास तेवढेच रुंद होते, म्हणून भिंतीपासून किमान १० ते १२ फूट अंतर सोडावे. पायवाटेवर किंवा गाडी उभी करण्याच्या जागेवर फांद्या येतील असे लावू नये. सप्टेंबरात पिकलेली फळे खाली पडतात, पायाखाली चिरडतात आणि त्यांच्यावर गांधीलमाश्या येतात.

माती किंचित आम्लधर्मी, भुसभुशीत आणि पाण्याचा निचरा होणारी हवी, सामू (pH, म्हणजे मातीची आम्लता दाखवणारा आकडा) ५.५ ते ६.५ असला की उत्तम. मध्य न्यू जर्सीत अनेक ठिकाणी लाल, चिकट माती असते आणि तिच्यात पाणी तुंबते. परीक्षा सोपी आहे : एक फूट खोल खड्डा करून त्यात पाणी भरावे, ते जिरू द्यावे, मग पुन्हा भरावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसेच असेल तर ती जागा सोडावी किंवा मातीचा उंचवटा करून त्यावर झाड लावावे. माती तपासून घ्यायची असेल तर राज्य विद्यापीठांच्या कृषी विस्तार केंद्रांत ती माफक शुल्कात तपासून मिळते.

खणण्यापूर्वी काही दिवस ८११ या क्रमांकावर फोन करणे आवश्यक आहे. जमिनीखालून गॅस, वीज आणि पाण्याच्या वाहिन्या कुठून जातात याच्या खुणा माणसे येऊन फुकट करून जातात. वसाहतीची संघटना असेल तर तिची परवानगीही आधीच घ्यावी.

लावणी

लावणीचा उत्तम काळ म्हणजे जमीन मोकळी झाल्यापासून पाने फुटेपर्यंतचा, साधारण मार्चअखेर ते एप्रिल. कुंडीतले रोप सप्टेंबरअखेरीसही लावता येते. जुलै-ऑगस्टमध्ये सवलतीत मिळाले तरी लावू नये.

आता खोलीचा मुद्दा. कोणत्याही झाडाचे खोड बुडाशी किंचित पसरते आणि तिथूनच मुख्य मुळे बाजूंना निघतात. हा पसरट भाग हवेत राहिला पाहिजे. नर्सरीत कुंडी बदलताना वर माती टाकली जाते, त्यामुळे हा भाग बहुधा दोन-चार इंच मातीखाली गेलेला असतो आणि विकत आणलेल्या रोपाचे खोड विजेच्या खांबासारखे सरळ जमिनीत गेलेले दिसते. मातीच्या वरच्या पातळीला जमिनीची पातळी समजून लावले की झाड पहिल्या दिवसापासून खोल जाते. आमच्या पहिल्या झाडाचे असेच झाले. ते लावणाऱ्या कामगारांनी मनापासून काम केले होते, परंतु मूळ कुठे सुरू होते हे कोणीच पाहिले नाही, आणि वरून खोडाभोवती लाकडी भुशाचा ढीग रचला गेला. सतत ओल धरून राहिलेली साल आतून कुजली. दोन वर्षे झाड फुलले आणि तिसऱ्या वर्षी जुलैमध्ये आठवडाभरात त्याची सगळी पाने मुरडली. उपटून पाहिले तेव्हा खालची मुळे गुदमरून काळी पडली होती आणि वरच्या मातीत निघालेली बारीक मुळे खोडालाच फास घालून बसली होती.

म्हणून रोप आणले की खड्डा खणण्याच्या आधी बोटांनी किंवा लाकडी काडीने खोडालगतची माती हलक्या हाताने काढावी आणि पहिले जाड मूळ दिसेपर्यंत थांबू नये. तेच मूळ म्हणजे आपली पातळी. तिथपासून मुळांच्या गोळ्याच्या तळापर्यंत उंची मोजावी आणि खड्डा त्याहून एखादा इंच कमीच खोल, पण रुंदीला गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट करावा. तळाची माती उकरून भुसभुशीत करू नये. ती नंतर बसते आणि तिच्याबरोबर झाडही खाली जाते. खड्ड्यावर आडवी काठी ठेवून पातळी पाहिली की अंदाजावर विसंबावे लागत नाही.

गोळा गोणपाटात आणि तारेच्या जाळीत बांधलेला असेल तर रोप खड्ड्यात सरळ उभे केल्यावर सुतळी पूर्ण कापून काढावी, आणि गोणपाट व जाळी निदान वरच्या अर्ध्या भागाची तरी काढून टाकावी. कुंडीतल्या रोपाच्या बाहेरच्या बाजूला फिरलेली मुळे हाताने सुटी करावीत, न सुटणारी धारदार सुरीने उभी चिरावीत. मग खणून काढलेलीच माती परत भरावी. खड्ड्यात केवळ विकतची मऊ माती आणि खत भरले तर मुळे त्या मऊ जागेतच फिरत राहतात आणि बाहेरच्या मातीत शिरत नाहीत; कंपोस्ट द्यायचे असेल तर ते वरून पसरावे. निम्मी माती भरली की पाणी सोडावे, हवेची पोकळी निघून जाऊ द्यावी आणि मग उरलेली भरावी. पायाने तुडवू नये.

सभोवती आपण नारळाला किंवा आंब्याला करतो तसे आळे करावे. आळ्यात दोन-तीन इंच जाडीचे पालापाचोळ्याचे किंवा लाकडाच्या तुकड्यांचे आच्छादन घालावे, परंतु खोडाभोवती एक वीतभर जागा पूर्ण मोकळी ठेवावी. आच्छादन ताटासारखे पसरट असावे. इथल्या अनेक अंगणांत खोडाला टेकवून उंच रचलेले ढीग दिसतात. ते पाहून तसेच करू नये. पहिल्या वर्षी खत देऊ नये.

पहिली दोन वर्षे

कूसाची मुळे उथळ असतात, त्यामुळे उन्हाचा चटका त्यांना लवकर बसतो. पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठवड्यातून एकदा-दोनदा, पावसाचा अंदाज घेऊन, ५ ते १० गॅलन पाणी सावकाश मुरवावे. पाच गॅलनच्या बादलीच्या तळाला दोन-तीन बारीक छिद्रे पाडून ती आळ्यात ठेवली की हे काम आपोआप होते. रोज थोडे थोडे शिंपडण्याने मुळे वरच राहतात. पानांच्या कडा तपकिरी होऊन वळू लागल्या तर ती तहानेची खूण असते. मात्र बोट खुपसून माती ओलीच लागली तर पाणी थांबवावे.

झाडाला या काळातला सर्वांत मोठा धोका गवत कापण्याच्या यंत्राचा असतो. दोरीचे यंत्र खोडाला एकदा लागले तरी साल सुटते आणि त्या जखमेतून खोडकिडा आत शिरतो. आळ्यात गवत नसले की यंत्र तिथे न्यावेच लागत नाही. गवतावर रुंद पानांचे तण मारण्याचे औषध फवारले जात असेल, तर झाडाच्या मुळांपर्यंत ते जाणार नाही अशी सूचना फवारणाऱ्यांना स्पष्टपणे द्यावी. हरणे कूसाकडे इतर झाडांच्या मानाने कमी वळतात, पण शरद ऋतूत नर हरीण कोवळ्या खोडावर शिंगे घासते, त्यासाठी जाळीचे कुंपण करावे.

लावल्यानंतर एक-दोन वर्षे फुले आली नाहीत तर काळजी करू नये. एका वर्षी भरपूर आणि पुढच्या वर्षी कमी, अशीही या झाडाची रीत असते.

छाटणी आणि रोग

पुढच्या वर्षीच्या कळ्या चालू उन्हाळ्यातच तयार होतात, म्हणून छाटायचे असेल ते फुले ओसरताच छाटावे. वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढल्या की पुरे. आडव्या थरांचा आकार झाड स्वतःच धरते आणि तो बिघडवू नये.

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकन डॉगवुडवर अँथ्रॅक्नोज या बुरशीजन्य रोगाने मोठा घाला घातला आणि जंगलांतली असंख्य झाडे गेली. कूसा त्याला बराच सोसतो, आणि पानांवर पांढरी भुरी पडणाऱ्या रोगालाही. हेच त्याच्या लोकप्रियतेचे एक मोठे कारण ठरले. तरीही ज्यांचे अंगण जंगलाला लागून आहे त्यांनी स्थानिक झाडाचाही विचार करावा असे मला वाटते, कारण इथले पक्षी त्या लाल दाण्यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगत आले आहेत आणि कूसाची रोपे काही ठिकाणी अंगणाबाहेर आपोआप उगवू लागली आहेत.

फळे आणि बी

कूसाचे फळ रचनेने फणसाचे नातेवाईक म्हणावे असे आहे : अनेक फुलांची फळे एकत्र जुळून एक फळ होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात ते गडद रंगाचे आणि बोटाने दाबले जाईल इतके मऊ झाले की खावे. साल रवाळ आणि कडसर असते, म्हणून फळ फोडून आतला पिवळसर गर चोखावा. त्याची चव पिकलेल्या पपईची आणि थोडी सीताफळाची आठवण करून देते. बिया कठीण असतात, त्या टाकाव्यात. औषध फवारलेल्या किंवा अनोळखी झाडाचे फळ खाऊ नये. आशियात माकडे ही फळे खातात, आणि लोंबणारी मोठी फळे माकडांमुळेच उत्क्रांत झाली असावीत, असा विचार स्मिथसोनियन संस्थेतील एका वनस्पतिशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये मांडला होता. अमेरिकेत माकडे नाहीत; आमच्याकडे खारी ते काम करतात.

बियांपासून रोप करायचे असेल तर गर पूर्ण धुऊन काढावा, बिया ओलसर वाळूत मिसळून झाकणाच्या डब्यात भराव्यात आणि सुमारे तीन महिने फ्रिजमध्ये ठेवाव्यात. हा हिवाळा त्यांना मिळाल्याशिवाय त्या रुजत नाहीत. वाळू सुकू देऊ नये आणि बुरशी दिसली तर बिया धुऊन वाळू बदलावी. मार्चमध्ये त्या अर्धा इंच खोल पेराव्यात. नाव असलेल्या वाणाच्या बियांतून तोच वाण येत नाही. 'सातोमी'ची रोपे पांढरी फुलू शकतात. फुले दिसायला सात-आठ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, म्हणून कुंडीवर तारीख आणि कोणत्या झाडाचे बी ते पक्क्या शाईने लिहून ठेवावे, आणि पहिली दोन वर्षे रोप कुंडीतच, अर्ध्या सावलीत वाढवून मग वर सांगितल्याप्रमाणे पातळी पाहून जमिनीत लावावे.